छतातला शब्द

सावद्यातील ज्या शाळेत मी बाराखडी गिरविली, ती इमारत कित्येक वर्षे रिकामी पडून होती. वर्ग नव्या वास्तूत गेले, बाके गेली, घंटा गेली. उरल्या त्या भिंती, धाब्याचे छत आणि एका फळ्याची काळी चौकट. रिकाम्या सार्वजनिक इमारतींची छायाचित्रे काढण्याचा छंद मला बऱ्याच उशिरा, चाळिशीनंतर लागला. बंद पडलेले दवाखाने, ओस धर्मशाळा, कुलूप लावलेली विश्रामगृहे यांतून मी सुट्टीच्या दिवशी हिंडत असे. अर्थात परवानगी घेऊन, आणि पावसाळ्यात कधीच नाही. ओल धरलेले धाबे पूर्वसूचना देऊन कोसळत नाही.

या छंदाला मी माझ्या विषयाचा आधार शोधला होता. जर्मनीतील बर्न्ट आणि हिला बेशर या दांपत्याने १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरील मनोरे यांची छायाचित्रे ढगाळ उजेडात, एकाच पद्धतीने टिपली आणि शेजारी शेजारी मांडली. भाषेच्या अभ्यासकाला ही रीत परिचित आहे. ग्रिअर्सन यांनी भारताच्या भाषिक सर्वेक्षणासाठी उधळ्या पुत्राची एकच कथा शेकडो बोलींत उतरवून घेतली. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या भिल्ली भाषांच्या खंडात खानदेशीही आहे. कथा एक असल्यामुळेच बोलींचे वेगळेपण डोळ्यांत भरते. आपणही असेच काही करीत आहोत, अशी मी स्वतःची समजूत घालीत असे.

सावद्याच्या शेजारीच फैजपूर. डिसेंबर १९३६ मध्ये तेथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरले. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या ग्रामीण सामग्रीतून टिळकनगर सजविले. अधिवेशन आटोपले आणि ते नगर उतरविले गेले. पाहण्यासारखी एक भिंतही मागे राहिली नाही. तरी माझी आजी त्याच्या कमानी अशा वर्णन करी, की जणू आम्ही सकाळीच त्यांखालून आलो होतो.

शाळेच्या बाबतीत नेमके उलटे झाले. निवृत्त शिपाई, ज्यांना आम्ही सारे नाना म्हणत असू, किल्ली घेऊन माझ्यासोबत आले होते. “पडक्या भितीचे फोटू कायले काढतो रे भाऊ?” त्यांनी विचारले. मी हसून उत्तर टाळले. मग ते आपणहून छत समजावू लागले. तुळया कोणत्या लाकडाच्या, त्यांवर बारीक काड्यांचा थर कसा दाटून बसवितात, मृगाच्या आधी वर खारी माती कशी चढवावी लागे. त्या काड्यांच्या थराला त्यांनी एक शब्द वापरला. मराठीत त्याला ‘किलचण’ असा शब्द आहे. नानांचा शब्द तो नव्हता. ऐकताच मला आनंद झाला, एवढे स्पष्ट आठवते. शब्द आठवत नाही. खिडकीतला कवडसा सरकत चालला होता आणि मी भिंग बदलण्यात गुंतलो होतो. वही खिशातच होती. पुढच्या खेपेस विचारू, असे ठरविले.

पुढच्या खेपेस नाना नव्हते. त्यानंतरच्या उन्हाळ्यात इमारतही पाडली गेली. मी फैजपूर, रावेर, यावल येथे जुन्या गवंड्यांकडे, सुतारांकडे चौकशी केली. वृद्धांनी चार वेगवेगळे शब्द सुचविले; चारही मी टिपून ठेवले, पण एकही ऐकताना मनात ओळख पटली नाही. तरुण गवंड्यांना स्लॅबखेरीज दुसरे छतच ठाऊक नव्हते. लेवा गणबोलीवर वर्गात तासभर बोलणारा माणूस मी!

त्या दिवशीची चाळीस छायाचित्रे माझ्यापाशी आहेत. उजेड उत्तम आहे, काडी न् काडी मोजता येते. एका छायाचित्राच्या कडेला नाना चुकून आले आहेत. त्यांचे बोट छताकडे उचललेले आहे आणि तोंड किंचित उघडे आहे.