वरचा माणूस

चि. बापूस,

परवा फोनवर म्हणालास, "तात्या, आपण काय टोलेजंग इमारत बांधतोय का? विहिरीची रिंग, चार माणसं." तेव्हापासून मला झोप नाही.

म्हसोबाच्या वाडीला चौघेच होते रे! 2023 चा ऑगस्ट. बेलवाडीची माणसं, शंभर फुटांहून खोल विहीर, रिंगेचं काम चालू आणि वरून मुरूम आला. गाडले गेले तेव्हा कुणाला पत्ताही नव्हता. घरी परतले नाहीत म्हणून घरच्यांनी शोध घेतला. मग एनडीआरएफ आली, पोकलेन आले. मृतदेह हाती यायला काही दिवस गेले. आपल्या कळसहून ते गाव किती लांब, तूच सांग.

बांधकाम मजुरांचा कायदा दहा मजुरांपासून पुढे लागू, हे तुला तोंडपाठ. चौघांचं काम बघायला कुणी साहेब येणार नाही, म्हणजे तिथे बघणारा तूच ना? बांधकाम कामगार मंडळाकडून मिळालेली हेल्मेटं पोरांनी घरी माळ्यावर टाकलीत म्हणे. ती घालायला लाव. पण अख्खी कड ढासळली तर हेल्मेट काय करील?

माझं म्हणणं एकच, आणि ते तू दरवेळी टाळतोस. वर एक माणूस हवा. यारी चालवणारा नव्हे, माल कालवणारा नव्हे. फक्त कड बघणारा. वडाच्या विहिरीला आपले अण्णा दिवसभर तसेच बसायचे. लोक म्हणायचे, फुकटचा रोज. बोटभर भेग दिसली, माती भुरभुरली, की हाक. हाक आली की घमेलं टाकून वर यायचं, कारण विचारायचं नाही. मालकाने हटकलं तरी अण्णा ऐकायचे नाहीत. नव्या विहिरींवर कड बघणाऱ्याची ही जागा गेलीच. एका रोजाची बचत!

आणि तो मुरमाचा ढीग अगदी काठावर का टाकलास? पाच फूट तरी मागे घे, खोली वाढेल तसा आणखी मागे. कालव्याला पाणी सुटलं की तिथे पाझर फुटतो, जमीन पावसाचीही ओल धरून आहे. धाकट्याला खाली उतरवतोस हे वहिनींना माहीत आहे का? मी अजून बोललो नाही.

वर कोण बसणार, त्याचं नाव मला कळव. तोवर कुणाला खाली उतरवू नकोस.

तुझा,
तात्या