किलो फॅटचं देणं

आमच्या दूध संघाने बिझनेस इंटेलिजन्सचं, म्हणजे बीआयचं, सॉफ्टवेअर घेतलं. परवाने, सर्व्हर, प्रशिक्षण या सगळ्याची बिलं वेळेवर चुकती झाली. व्हाउचरं फाइलला आहेत, ऑडिटरच्या हिरव्या खुणाही त्यांवर आहेत. माझं स्वतःचं देणं मात्र दोन माणसांकडे राहिलं. एक आमच्या लॅबच्या इन्चार्ज बाई आणि दुसरा संकलन विभागातला एक सुपरवायझर. नावं घालत नाही. बाईंना ते आवडणार नाही, आणि सुपरवायझरला फारच आवडेल.

संघ पश्चिम महाराष्ट्रातला. गावोगावच्या संस्था सकाळ-संध्याकाळ दूध घेतात, ते शीतकरण केंद्रावर जातं, तिथून टँकरने डेअरीत येतं. दर दहा दिवसांनी बिल. मी संगणक विभागाचा प्रमुख, म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी बोलावणं मला आणि संचालक मंडळाला आकडे हवे असले तरी मलाच. आकडे चिकार होते. संकलनाचं सॉफ्टवेअर वेगळं, वजनकाट्याचं वेगळं, विक्रीचं वेगळं, हिशेब टॅलीत, आणि शिवाय प्रत्येक खातेप्रमुखाची स्वतःची एक एक्सेल फाइल, जिचा पासवर्ड त्याच्याबरोबर रजेवर जायचा. सोमवारच्या बैठकीत कालच्या दुधाचा आकडा विचारला की तीन खाती तीन आकडे सांगत, आणि गंमत म्हणजे तिन्ही आपापल्या जागी बरोबर असत. संकलनवाले संस्थेत मापलेले लिटर सांगत, काटेवाले टँकरचं वजन, उत्पादनवाले सायलोत उतरलेलं दूध. अर्धी बैठक कोणाचा आकडा खरा यात जाई. दुधाचं करायचं काय, हा विषय चहा येईपर्यंत निघतच नसे.

असे विखुरलेले आकडे एकत्र आणून दाखवणारी बीआयची साधनं तेव्हा काही नवी नव्हती. कॉग्नॉस, बिझनेस ऑब्जेक्ट्स ही नावं आम्ही ऐकून होतो. पहिलं आयबीएमने घेतलं, दुसरं सॅपने, २००७-०८च्या सुमारास. पण ते मोठ्या घरचं लग्न. आमच्यासारख्यांच्या आवाक्यात हा प्रकार आला तो मायक्रोसॉफ्टचं पॉवर बीआय जुलै २०१५मध्ये सर्वांसाठी खुलं झालं तेव्हा. माणशी महिना दहा डॉलरच्या आत परवाना म्हटल्यावर आमचे लेखापालसुद्धा खुर्चीत सावरून बसले. त्यात आमच्या एका संचालकांनी कुठल्याशा प्रदर्शनात टॅबलेटवर रंगीत तक्ते पाहिले आणि ‘अध्यक्षांच्या मोबाइलवर रोजचा डॅशबोर्ड’ असा ठरावच झाला.

काम एका बाहेरच्या कंपनीला दिलं. तिची पोरं हुशार होती, हात चलाख होता. त्यांनी पहिला पडदा तयार केला त्यावर मोटारीच्या स्पीडोमीटरसारख्या तीन तबकड्या होत्या आणि खाली ‘आवक-जावक फरक’ अशी एक ओळ. लॅबच्या बाईंना मी सहज बघायला बोलावलं. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि त्या एका ओळीवर बोट ठेवलं. केंद्रावरून १०,००० निघाले होते, डेअरीत १०,३०० पोचले होते.

“टँकरमध्ये म्हैस बसली होती का हो?”

पोरांना कळेना. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. केंद्राचा आकडा लिटरचा, काट्याचा किलोचा. दोन्ही एकाच स्तंभात शेजारी बसवले होते. डेअरीतल्या शिपायालाही ठाऊक असलेली गोष्ट, पण ती कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेली नव्हती, कारण लिहायची गरज कोणाला वाटलीच नव्हती. यातलं खरं धोक्याचं निराळंच होतं. हा तीन टक्क्यांचा फुगवटा दिसला नसता, तर त्याच्या पोटात एखाद्या टक्क्याची खरी घट सुखाने झोपली असती.

त्यानंतर बाई रोज दुपारी जेवण झालं की माझ्या खोलीत येऊ लागल्या. मला “अहो कॉम्प्युटरवाले” म्हणायच्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सरासरी फॅटचा आकडा पकडला. एका संस्थेचं १०० किलो म्हशीचं दूध ६.० फॅटचं, दुसरीचं ९०० किलो गाईचं ३.५चं. सॉफ्टवेअरने दोन्हींची बेरीज करून दोनाने भागलं: ४.७५. बाईंनी पॅडवर मांडलं: पहिल्यात सहा किलो फॅट, दुसऱ्यात साडेएकतीस, एकूण साडेसदतीस किलो, हजार किलो दुधात. म्हणजे ३.७५. एका अख्ख्या टक्क्याचा फरक, आणि डेअरीचा धंदा तर दशांशाच्या पहिल्या घरावर चालतो. “टक्क्यांची सरासरी काढायचीच नसते,” त्या म्हणाल्या. “आधी किलो काढा. टक्के शेवटी.” ही साधनं एखादा स्तंभ ओढून टाकला की आपण होऊन त्याची बेरीज नाही तर सरासरी मांडतात, कोणत्या स्तंभाला ते चालतं आणि कोणत्याला नाही, हे सांगणारं माणूस शेजारी असावं लागतं.

मग त्यांनी आपलं रजिस्टर आणलं. जाड पुठ्ठ्याचं, लांबट, कोपरे चिकटपट्टीने बांधलेले. आरंभीची शिल्लक, आवक, जावक, अखेरची शिल्लक, घट. प्रत्येकाखाली तीन रकाने: दूध किलोत, फॅट किलोत, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) किलोत. रोजचं एक पान. हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. लॅबच्या कामात ते मोडतही नव्हतं. आलेलं फॅट आणि गेलेलं फॅट यांचा मेळ बसल्याशिवाय त्या घरी जात नसत, एवढंच. आमच्या डॅशबोर्डचं आज जे काही कौतुक होतं, ते या पानाचं आहे. तबकड्या गेल्या, आणि बाईंचे रकाने त्याच क्रमाने पडद्यावर बसले.

त्या काळात मी राल्फ किम्बॉल यांचं डेटा वेअरहाऊसवरचं पुस्तक वाचत होतो, १९९६मध्ये पहिल्यांदा निघालेलं. किम्बॉल बजावतात की कोठार बांधायच्या आधी एक ओळ म्हणजे नेमकं काय, ते ठरवा. मी ते बाईंना विचारलं. त्यांनी क्षणभरही न थांबता सांगितलं, “एक संस्था, एक वेळ, एक प्रत.” म्हणजे अमुक संस्थेचं, सकाळचं किंवा संध्याकाळचं, गाईचं किंवा म्हशीचं दूध. आणि संध्याकाळचं दूध टँकरने मध्यरात्र उलटून आलं तर तारीख कोणती? “दूध काढलं त्या दिवसाची. टँकर पंक्चर झाला म्हणून गाईची तारीख बदलते का?” आमच्या तीन खात्यांच्या भांडणातला मोठा वाटा या एका उत्तराने मिटला.

यंत्रावरही त्यांचा आंधळा विश्वास नव्हता. दुधाचं विश्लेषण करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र मिनिटभरात आकडा देतं, तरी त्या दिवसातून काही नमुने जुन्या गर्बर पद्धतीने स्वतः करायच्या. ब्युटिरोमीटरमध्ये आधी १० मिली सल्फ्युरिक आम्ल, मग नळी तिरकी धरून काचेच्या कडेने हळूच १०.७५ मिली दूध, वर १ मिली अमिल अल्कोहोल. बूच लावून हलवलं की नळी हातात धरवत नाही इतकी तापते. बाई ती फडक्यात गुंडाळून धरायच्या. मग सेंट्रिफ्यूज, गरम पाण्याची बादली, आणि शेवटी डोळ्यांच्या रेषेत नळी धरून पिवळ्या थराचं वाचन. यंत्राचा आणि नळीचा आकडा जुळला नाही तर त्या दिवशीचे यंत्राचे आकडे पडद्यावर जाऊ द्यायच्या नाहीत. आमच्या क्षेत्रातले लोक ‘डेटा क्वालिटी’वर परिषदा भरवतात. मी ती त्या फडक्यात पाहिली.

बरेच दिवस पडदा आणि रजिस्टर शेजारी शेजारी चालले. फरक आला की त्या कारण शोधूनच उठायच्या. बहुतेक वेळा चूक आमच्याकडची, क्वचित त्यांची, तेव्हा लाल शाईने दुरुस्ती आणि खाली सही. मग एका सोमवारी बैठकीत उत्पादन खात्याने नेहमीप्रमाणे पडद्यावरचा आकडा नाकारला, तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, “तो आकडा माझा आहे. भांडायचं तर माझ्याशी भांडा.” कोणी भांडलं नाही. इतक्या वर्षांत कमावलेली पत त्यांनी त्या दिवशी एका सॉफ्टवेअरच्या नावे केली, आणि तीही माझ्या शब्दावर. कुठल्याही परवान्यात ही मिळत नाही.

मोबाइलचं शिक्षण मात्र सुपरवायझरने दिलं.

सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं आणि आमच्या सगळ्या फिरत्या माणसांच्या खिशात नेट आलं. आम्ही मोठ्या उत्साहाने संगणकावरचा डॅशबोर्ड तसाच मोबाइलवर उतरवून दिला. हा सुपरवायझर मोटारसायकलवर फिरणारा, दिवसभर संस्थांच्या पायऱ्या झिजवणारा. त्याने फोन उन्हात धरून माझ्यासमोर केला. काळ्या पार्श्वभूमीवरचं आमचं देखणं चित्र. त्यात दिसत होता फक्त माझा आणि त्याचा चेहरा.

“साहेब, माझ्या रूटवरच्या संस्था मला तोंडपाठ हायत्या. सगळ्या कशाला दावता? बिघडल्यात तेवढ्याच दावा. आणि कालच्यापेक्षा बिघडल्यात का तेवढं सांगा. जिल्ह्याची सरासरी मला काय करायचीय?”

मी वहीत उतरवून घेत गेलो. पार्श्वभूमी पांढरी. यादी फक्त ज्यांचं दूध किंवा फॅट स्वतःच्याच मागच्या आठवड्यापेक्षा घसरलं त्यांची. घाटात रेंज नसते, म्हणून वरच ठळक अक्षरात ‘आकडे सकाळी ९.४० पर्यंतचे’, नाहीतर शिळा आकडा ताजा समजून माणूस संस्थेत जाऊन भांडून येतो. लाल रंग नको. का? तर सचिव खिडकीतून डोकावतो, रांगेत शेतकरी उभे असतात, आणि त्यांच्यादेखत आपली संस्था लालभडक दिसली की पुढचे दोन महिने चहाही मिळत नाही. आणि प्रत्येकाला फक्त स्वतःचा रूट दिसावा. हे शेवटचं सुरक्षिततेसाठी म्हणून आम्ही आधीच ठरवलं होतं; सुपरवायझरचं कारण साधं होतं, दुसऱ्याचा रूट दिसला की लोक आपलं काम सोडून तोच बघत बसतात.

‘बिझनेस इंटेलिजन्स’ या नावाने १९५८मध्ये आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी एक निबंध लिहिला होता. हे तेच लून, ज्यांच्या सूत्राने आजही कार्डाच्या नंबरातला चुकलेला आकडा पकडला जातो. त्यांच्या कल्पनेत तक्ते नव्हतेच. येणाऱ्या प्रत्येक कागदाचा सारांश काढायचा आणि तो ज्याच्या कामाचा, नेमका त्याच्याचकडे पोचवायचा, अशी ती व्यवस्था होती. मधल्या काळात आम्ही सर्वांनी मिळून ती रंगीत तबकड्यांची केली. आमच्या सुपरवायझरने लून यांचं नावही ऐकलेलं नव्हतं, पण मोटारसायकलच्या टाकीवर फोन ठेवून त्याने मला तेच सांगितलं.

सुधारलेलं ॲप दिलं आणि काही दिवसांतच त्याने एक संस्था हेरली. संध्याकाळच्या गाईच्या दुधाचं फॅट रोज नेमकं ३.५, एसएनएफ नेमकं ८.५. घसरण नाही, म्हणून आमच्या यादीत ती येतच नव्हती. याने आपल्या डोक्याने सगळ्या संस्था उघडून पाहिल्या आणि ही सरळ रेघ त्याला खटकली. गाभण, नुकती व्यालेली, आटत आलेली, अशा सगळ्या गाईंचं दूध एका कॅनमध्ये येतं. ते इतकं शिस्तीत वागत नाही. दराचा पाया मात्र ३.५ आणि ८.५चा असतो. मुख्य कार्यालयात कुजबुज सुरू झाली: घोटाळा, चौकशी, नोटीस. हा बिलाच्या तारखेआधी एकटा जाऊन आला. संस्थेचं यंत्र बिघडलं होतं. दुरुस्तीवाला येईना म्हणून सचिव पायाचा आकडा हाताने भरत होता. ज्यांचं फॅट चार होतं त्यांचा तोटा, ज्यांचं तीन त्यांचा फायदा. याने केंद्रावरचं जादा यंत्र गाडीला बांधून नेलं आणि वर फक्त ‘यंत्र बदलले’ एवढंच कळवलं. तेव्हापासून आमच्या यादीत एक नियम आहे: सलग न हलणारा आकडाही बिघाडात धरायचा.

त्याचे सोबती त्याला ‘साहेबांचा खबऱ्या’ म्हणायचे. ॲप म्हणजे आपल्यावर ठेवलेली पाळत, हा त्यांचा समज अगदी निराधार नव्हता. वापराच्या नोंदी आमच्याकडे येतातच. हा ते बोलणं हसून खात राहिला, कोणाशी वाद घातला नाही. सचिव आता याचं ऐकतात, याला फेऱ्या कमी पडतात, हे बघून एकेक जण स्वतःहून पासवर्ड विचारायला आला. प्रशिक्षणाच्या वर्गांवर आम्ही केलेला खर्च वाया गेला असं म्हणणार नाही. जेवण चांगलं होतं. संचालकांपैकी बहुतेकांनी ॲप आजतागायत उघडलेलं नाही. त्यांना अध्यक्षांचे स्वीय सहायक रोज सकाळी व्हॉट्सॲपवर पडद्याचा फोटो टाकतात आणि त्यावर हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते.

सुपरवायझरची पुढे पशुखाद्य विभागात बदली झाली. गेल्या गेल्या त्याने पोत्यांच्या शिल्लकीसाठी पडदा मागितला, तो त्याला सगळ्यांच्या आधी करून दिला. बाईंचं देणं तेवढ्याने फिटणारं नाही. त्या निवृत्त झाल्या तेव्हा जाताना एक काम सांगून गेल्या. रजिस्टरातला घटीचा रकाना एकच आहे. त्यात पाउचची गळती, काट्याचा फरक आणि टाक्या-पाइप धुताना पाण्याबरोबर वाहून जाणारं दूध, सगळं एकत्र पडतं. त्यांच्या मते सर्वांत जास्त फॅट जातं ते धुण्याच्या पहिल्या पाण्यात. ते वेगळं मोजायचं तर सांडपाण्याच्या नळीवर मीटर हवं आणि प्रत्येक पाळीत त्या पाण्याचा एक नमुना लॅबला. पडद्यासाठी मंडळ लगेच पैसे देतं, नाल्यावरच्या मीटरचा विषय दर वर्षी पुढच्या बैठकीवर जातो. बाईंचा फोन आला की त्या तब्येतीच्या आधी मीटरचं विचारतात.

यंदाच्या अंदाजपत्रकात ते पुन्हा घातलं आहे. खरेदी समितीने एकच प्रश्न विचारला, की हे मीटर मोबाइलवर दिसेल का. दिसेल, म्हणालो.