आरंभबिंदू कोठे घ्यावा?

विद्यालयाने आपल्याला काय दिले, या विषयावर लिहावे असे संपादक मंडळाने कळवले आहे. शिस्त, वाचनाची गोडी, सायंकाळची बुद्धवंदना यांविषयी माझे सहाध्यायी माझ्याहून चांगले लिहितील. मी नववीच्या गणितातील एका लहानशा प्रकरणाविषयी लिहिते : प्रतलावर बिंदू स्थापन करणे. परीक्षेच्या दृष्टीने ते थोड्याच गुणांचे होते. आमच्या गणिताच्या सरांनी मात्र त्यावर जवळजवळ अर्धे वर्ष घालवले.

त्या वर्षी सहल पुण्याला गेली. गंज पेठेतील फुलेवाड्यात अभिवादन करून आम्ही पायीच मंडईत आलो. इंग्रजी अमदानीत, १८८०च्या दशकात उभी राहिलेली ही वास्तू प्रथम मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने 'रे मार्केट' म्हणून ओळखली जाई. तिची योजना नगरपालिकेपुढे आली तेव्हा जोतीराव फुले तेथे सदस्य होते आणि एवढा खर्च बाजाराच्या इमारतीवर करण्याऐवजी गोरगरिबांच्या शिक्षणावर करावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच इमारतीला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. सरांनी एवढे सांगितले, त्यावर भाष्य केले नाही, आणि मधल्या उंच मनोऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा आपला आरंभबिंदू."

पूर्वेकडे धन क्ष-अक्ष, उत्तरेकडे धन य-अक्ष, आणि एक पाऊल म्हणजे एक एकक. दोघादोघांनी मिळून पावले मोजायची आणि प्रत्येक गाळ्याचे निर्देशक वहीत लिहायचे. (१२, ३०) येथे कांदे-बटाटे होते आणि (३०, १२) येथे लिंबे. क्रमित जोडीत क्रम का महत्त्वाचा, हे त्यानंतर कोणाला समजावून सांगावे लागले नाही. या पद्धतीचा उगम देकार्त यांच्या १६३७ सालच्या भूमितीवरील ग्रंथात सांगतात. छतावरच्या माशीकडे पाहून त्यांना ती सुचली, ही गोष्ट शिक्षकांना फार प्रिय असली तरी ती सांगोवांगीचीच आहे. आपण काढतो तसे काटकोनातील दोन अक्षही त्या ग्रंथात नाहीत.

माझी आई मंडईतच भाजी विकत असे. परंतु तिला गाळा नव्हता. इमारतीच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, कोथिंबीर आणि मेथीची पाटी घेऊन ती बसे. तिची जागा आली (–४०, –२५). एका मुलाने ती मोठ्याने वाचली : "उणे चाळीस, उणे पंचवीस." काही मुले हसली. मी वहीत डोके घातले.

सर कोणावरही रागावले नाहीत. उणे म्हणजे कमी नव्हे, आरंभबिंदूच्या दुसऱ्या बाजूचे, एवढे सांगून त्यांनी सर्वांना वहीचे नवे पान काढायला लावले. "आता आरंभबिंदू या ताईंची पाटी. सगळे निर्देशक पुन्हा काढा." पावले पुन्हा मोजावी लागली नाहीत, प्रत्येक जोडीत ४० आणि २५ मिळवले की झाले. नव्या पानावर आई (०, ०) येथे होती आणि मनोरा (४०, २५) येथे. पाटीपासून मनोऱ्यापर्यंतचे अंतर दोन्ही पानांवर सारखेच, सुमारे ४७ पावले. आईला यातले काही ठाऊक नव्हते. तिने सरांना चहा घ्यायचा आग्रह केला आणि सरांनी तो घेतला.

दिवाळीनंतर परदेशी असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने आलेख काढणारे गणकयंत्र विद्यालयाला भेट दिले : टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे टीआय-८३. बोर्डाच्या परीक्षेत गणकयंत्र चालत नाही, म्हणून याचा उपयोग काय, असे काही पालकांनी विचारले. प्रश्न रास्त होता. सरांनी वादात न पडता आम्हांला आकडे जमवायला सांगितले. पालेभाजीचा घाऊक भाव शेकड्याने, म्हणजे शंभर जुड्यांना ठरतो. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात रविवारी कोथिंबिरीच्या किती जुड्या आल्या आणि शेकडा काय भाव निघाला, हे सोमवारच्या वर्तमानपत्रात येते. ग्रंथालयातील जुने अंक काढून आम्ही वीस रविवारांचे आकडे उतरवले. आवक पहिल्या यादीत, हजारांत. भाव दुसऱ्या यादीत, रुपयांत.

आलेखाची कळ दाबली. पडद्यावर फक्त दोन अक्ष उमटले.

यंत्रातील क्ष आणि य यांची मर्यादा उणे दहा ते दहा अशी ठेवलेली होती. आमचे बिंदू (१५०, ६००), (१००, ९००) अशा जागी होते. यंत्राच्या स्मृतीत ते वीसही होते. खिडकीत एकही मावत नव्हता. मग सरांनी क्ष ० ते १८८ आणि य ० ते १२४० अशी मर्यादा घातली. आलेखासाठी पडद्यावर आडवे ९५ आणि उभे ६३ ठिपके असतात. त्यामुळे आडवा एक ठिपका सरकला की दोन हजार जुड्या, आणि उभा सरकला की वीस रुपये. आता १९ बिंदू दिसू लागले, डावीकडून उजवीकडे उतरत जाणारे. आवक वाढली की भाव पडतो, हे आमच्यापैकी निम्म्यांना घरीच माहीत होते. तरीही ते असे उतरताना पाहून आम्ही टाळ्या वाजवल्या.

विसावा बिंदू ऑगस्टमधल्या झडीच्या रविवारचा होता : आवक ४० हजार, भाव २,५००. तो दिसावा म्हणून मर्यादा वाढवली, की बाकीचे १९ पडद्याच्या तळाशी दाटीवाटीने बसत. सरांनी दोन्ही चित्रे वहीत काढायला सांगितली, प्रत्येकाखाली त्याची मर्यादा लिहून.

पुढच्या पालकसभेला आई आली, तेव्हा मी तिला यंत्र दाखवले. पडद्यावर पहिले चित्र होते. तिने मला एकेक बिंदूचा अर्थ विचारला आणि मग म्हणाली, "आन् त्यो पावसातला आयतवार कुठाय?" मी मर्यादा वाढवली. वर, डाव्या कोपऱ्यात तो एकटाच उमटला. आई बराच वेळ पाहत राहिली. "त्या दिशी मी बसलेच नव्हते," ती सरांना म्हणाली. "शेकड्याला अडीच हजार कुठून आणायचे? उधारीवर कुणी देईना. रिकामी पाटी घेऊन घरी आले."

हे आमच्या दोन याद्यांत कोठेच नव्हते. सरांनी तिला खुर्ची दिली आणि तिसरी यादी उघडली : त्या वीस रविवारी तिने किती जुड्या घेतल्या. वही नसतानाही तिला बहुतेक आठवत होते; साधारण दोनशे, भाव चढला की शंभर. मग क्ष-अक्षावर भाव आणि य-अक्षावर तिची खरेदी घेऊन सरांनी आलेख पुन्हा काढला. बिंदूंसाठी त्यांनी मुद्दाम चौकोनी खूण निवडली, कारण साधा ठिपका अक्षाच्या रेषेत लपला असता. मी 'ट्रेस'ची कळ दाबत एकेका बिंदूवरून शेवटच्या बिंदूपर्यंत गेले. तो अक्षावरच बसलेला होता. पडद्याच्या तळाशी आकडे आले : क्ष २५००, य ०.

"शून्य," मी वाचून दाखवले.

"बरोबर हाय," आई म्हणाली.