अधिक एक

दिवाळीत सेलूला गेलो होतो. वेचणी सुरू होती, ओसरीत कापसाचा ढीग. नवा कॅमेरा वसूल करावा म्हणून फोटो काढला, तर पांढराशुभ्र कापूस राखेसारखा! कॅमेरेवाल्यांना माहीत असेलच. मीटरला पांढरं-काळं कळत नाही. समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून तो प्रकाश मोजतो. मग आपणच सांगायचं, बाबा रे, हे पांढरं आहे. डायल अधिक एकवर नेली, म्हणजे प्रकाश दुप्पट. कापूस कापसासारखा दिसला. मागून काका म्हणाले, "एवढं महागाचं यंत्र, अन् त्याला कापूस ओळखू येईना?"

दुसऱ्या दिवशी ते तपोवनवर सोडायला आले. टोपी, धोतर, तोंडावर ऊन, मागे शेडची काळी सावली. "पोचला की फोन लाव." गाडी हलली तसे दारातून पटापट तीन फोटो काढले.

डायल तशीच अधिक एकवर! माझ्या कॅमेऱ्यात ती आपोआप शून्यावर येत नाही. काळी सावली बघून मीटरने आधीच प्रकाश वाढवलेला, त्यात माझी भर. टोपी, कपाळ, सुरकुत्या, सगळं पांढरं. संगणकावर गडद करून पाहिलं, तर नुसता करडा डाग.

संक्रांतीच्या आत काका गेले. काकूंनी भिंतीवर जुना, लग्नातला फोटो लावलाय.

तिसऱ्या फोटोत त्यांनी हात वर केलाय. तो शेडच्या सावलीत होता, म्हणून नीट आलाय. नखंसुद्धा दिसतात.