यमन कुठल्या रकान्यात?

लग्नानंतर आमच्या घरात सीडींचे दोन संग्रह एकत्र आले आणि एकाच कपाटात राहूनही कधी मिसळले नाहीत. नवऱ्याचा जाझ, माझे ख्याल आणि नाट्यसंगीत. सीडी प्लेअर डिस्क ओळखेनासा झाला, दुरुस्तीवाल्याने ‘आता याची लेन्स मिळत नाही’ म्हणून हात वर केले, तेव्हा आमचं दोघांचं एकमत झालं, की सगळ्या सीडी हार्ड डिस्कवर उतरवायच्या आणि कुठल्याही खोलीत ऐकता येईल असा म्युझिक सर्व्हर घरात करायचा. एकमत तेवढ्यावरच संपलं. त्याला तयार डबा हवा होता, मला घरी जुळवलेला.

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. “दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटर, घरी येऊन परत त्याचीच सेवा कोण करणार? आणि तू गावाला गेलीस आणि ते बंद पडलं, तर मी कोणाला विचारू?” दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा मुंबईतल्या एका शोरूममध्ये जाऊन तो डबा आधी बघू तरी, असं ठरलं. त्याने माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ घेतली, मी ‘कट्यार काळजात घुसली’मधल्या पदांची सीडी.

डबा देखणा होता. फटीत डिस्क सरकवायची, काही मिनिटांनी ती आपोआप बाहेर येते आणि टॅबलेटवर मुखपृष्ठ, पाचही रचनांची नावं, 1959 हे साल, सगळं हजर. नवऱ्याने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मग माझी डिस्क आत गेली. ती बाहेर आली तेव्हा पडद्यावर होतं: ट्रॅक 01, ट्रॅक 02, ट्रॅक 03. कलाकार अज्ञात. पिशवीत भीमसेन जोशींचीही एक होती, ती ओळखली गेली, पण प्रकार लिहिला होता ‘वर्ल्ड’. म्हणजे आमचं तेवढं जगातलं, बाकीचं बहुधा जगाबाहेरचं.

यात डब्याचा दोष नाही. सीडीवर सहसा नावं नसतातच, नुसता आवाज असतो. यंत्र प्रत्येक ट्रॅक कुठे सुरू होतो ते मोजतं आणि त्या आकड्यांवरून इंटरनेटवरच्या कोठाराला विचारतं, की ही डिस्क कोणाची? कोणीतरी हौसेने टाइप करून ठेवलेलं असेल तर उत्तर येतं. जाझसाठी जगभर अशी माणसं आहेत. नाट्यपदांसाठी कोण बसलंय?

“मॅडम, नावं नंतर टाइप करता येतात,” विक्रेता म्हणाला. मी विचारलं, राग कुठे लिहायचा? रकाने होते कलाकार, अल्बम, संगीतकार, प्रकार, साल. ताल नाही, राग नाही, नाटक नाही. ‘कट्यार’ 1967चं, लेखन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, गळा वसंतराव देशपांडेंचा. ही माणसं त्या रकान्यांत कशीबशी बसवता येतील. पण ख्यालाचं काय? बंदिश सदारंगाची असेल तर अठराव्या शतकातल्या त्या बीनकाराला ‘संगीतकार’ म्हणून टाकायचं, की गाणाऱ्यालाच? विक्रेत्याने अल्बमच्या नावापुढे राग लिहायला सुचवलं. परत निघताना त्याने हेही सांगितलं, की या सर्व्हरचा स्वतःचा आवाजच गोड आहे. हे मला तेव्हाही पटलं नाही, आताही पटत नाही. फाइलमधले आकडे डब्यातून आले काय आणि साध्या बोर्डावरून आले काय, तेच असतात. त्यांचा आवाज करतो तो डॅक. पैसे घालायचेच तर तिथे आणि स्पीकरवर घालावेत. त्या डब्याच्या किमतीत एक बरी स्कूटर आली असती.

भाच्याने हिशेब अजून सोपा केला. “मावशी, ब्रेनन नावाचा एक इंग्लिश तयार प्लेअर मिळतो ना, त्याच्याही पोटात रास्पबेरी पायच आहे.” म्हणजे मी जो छोटा कॉम्प्युटर-बोर्ड सुटा घेणार होते तोच. मग रास्पबेरी पाय 4 आणला, दोन टेराबाइटची एसएसडी आणली. जागेची चिंता नव्हती. सीडीवर मिनिटाला साधारण दहा एमबी आवाज असतो. फ्लॅक हा प्रकार त्यातला एकही आकडा न गमावता फाइल जवळजवळ निम्मी करतो, म्हणजे एका टेराबाइटमध्ये दोन हजारांवर सीडी मावतात. एमपीथ्री मी विचारातही घेतला नाही. जागेच्या काटकसरीसाठी तो आकडे गाळतो, शिवाय त्यात आणखी एक खोट असते: प्रत्येक ट्रॅकच्या आगेमागे बारीकशी शांतता चिकटते. जाझच्या सुट्या रचनांत ती कळत नाही. पण विलंबित संपून द्रुतची सम येते, त्या सांध्यावर ट्रॅक बदलत असेल तर मध्ये खड्डा पडलेला कानाला लगेच लागतो.

बाकी जुळवाजुळव लवकर उरकली. दोन गोष्टी मात्र भाच्याने बजावून करून घेतल्या. एक, मोबाइलचा जुना चार्जर वापरायचा नाही. या बोर्डाला पाच व्होल्ट आणि तीन अँपिअर नीट लागतात, नाहीतर डिस्क मध्येच दिसेनाशी होते. दुसरी, सगळा कारभार मेमरी कार्डावर ठेवायचा नाही. लिहिता लिहिता वीज गेली तर कार्ड बिघडतं, आणि वीज जाण्याच्या बाबतीत आमचा भाग कोणाला हार जाणारा नाही. म्हणून सर्व्हर एसएसडीवरूनच सुरू होतो, तोही इन्व्हर्टरवर.

सॉफ्टवेअर निवडलं ते लिरियन. त्याची कथाच मला नवऱ्यापुढे मांडायला उपयोगी पडली. स्लिम डिव्हायसेस नावाच्या छोट्या कंपनीने 2001 मध्ये घरच्या नेटवर्कवरून गाणी वाजवणारा प्लेअर काढला, 2006 मध्ये लॉजिटेकने ती कंपनी घेतली आणि 2012 मध्ये ते प्लेअर बंद केले. पण सर्व्हरचं सॉफ्टवेअर खुलं होतं. वापरणाऱ्यांनी ते चालू ठेवलं, 2024 मध्ये त्याचं नाव लिरियन झालं आणि ते जुने प्लेअर आजही त्यावर वाजतात. बंदिस्त डब्याचा कारखानदार उठून गेला आणि फोनवरचं अॅप चालेनासं झालं, तर डब्यातली गाणी डब्यातच राहतात. “आणि तू उठून गेलीस तर?” नवरा म्हणाला. त्यावर मी एक कागद लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला: आधी हे बटण, मग हा दिवा, तरी नाही तर भाच्याचा नंबर.

खरं काम यापुढचं. फ्लॅक फाइलला हवे तेवढे रकाने जोडता येतात, आणि त्यांत देवनागरी लिहिता येते. मी राग, ताल, प्रहर, नाटक, तबला, हार्मोनियम असे रकाने केले. आणि कळलं, की रकाने करणं सोपं आणि भरणं म्हणजे भांडण. एकटे भीमसेन जोशी माझ्या यादीत चार होते: नुसते, ‘पंडित’वाले, ‘पं.’वाले आणि रोमन लिपीतले. उपाध्या काढल्या, कारण त्या ठेवल्या तर निम्मं हिंदुस्थानी संगीत ‘प’खाली येऊन बसतं. भूप आणि भूपाळी एकच धरले. यमन आणि यमन कल्याण मात्र वेगळेच ठेवले, सीडीवर काहीही छापलेलं असो; शुद्ध मध्यम येतो की नाही हे ऐकून ठरवायचं, कव्हर वाचून नाही. मल्लिकार्जुन मन्सूर काढले तेव्हा अनवट रागांनी धरलं. बसंती केदार कुठे? बसंतमध्ये, केदारमध्ये, की दोन्हीकडे? मी तो त्याच्या पूर्ण नावाने ठेवला आणि जोडरागांचा आणखी एक रकाना केला. जयपूर घराण्याचा कोणी जाणकार यावर नाक मुरडेल, पण सर्व्हर माझा आहे.

हे सगळं टाइप करताना मी ते म्युझिकब्रेन्झ या खुल्या कोठारातही भरत गेले, म्हणजे पुढच्या कोणाची ‘कट्यार’ तरी ट्रॅक 01 म्हणून येऊ नये. आता सकाळी प्रहर निवडला की ललत, विभास, तोडी ओळीने लागतात. कुठल्याही दुकानातल्या डब्याने हे मला दिलं नसतं. ज्याचं संगीत जगाने आधीच नीट लावून ठेवलंय, आणि ज्याला स्क्रू-ड्रायव्हर हातात धरायचा कंटाळा आहे, त्याने मात्र खुशाल तयार घ्यावं.

सासूबाईंना तर दोन्ही पटलं नाही. त्यांच्याकडे सारेगामाचा कारवाँ आहे, 2017 साली निघालेला, पाच हजार गाणी भरूनच आलेला. मी कौतुकाने माझे प्रहर दाखवले. “तुला काय हवंय ते आधी ठरवावं लागतं,” त्या म्हणाल्या. “मी जे लागेल ते ऐकते.”

नवरा आठवडाभर नुसता बघत होता. मग एका रविवारी त्याने विचारलं, तुझ्या त्या तबल्याच्या रकान्यासारखा पियानोचा करता येईल का? ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये पियानोवर बिल एव्हान्स, पण ‘फ्रेडी फ्रीलोडर’ या एकाच रचनेत विंटन केली. शोरूममधल्या डब्याने सगळं माइल्स डेव्हिसच्याच नावावर लावलं होतं, हे त्याला तेव्हाच खुपलं होतं म्हणे. आता पियानो झाला, बास झाला, ड्रम्स चालू आहेत. संध्याकाळी कॉम्प्युटरवर तोच असतो, आणि माझ्या कुमार गंधर्वांच्या सीडी अजून उतरवायच्या राहिल्यात.