भाता लावलेली गाडी आणि कंपनीची गाडी

हल्ली पोरांच्या मोबाईलवर एका जातीचे व्हिडिओ फार चालतात. लांबलचक धावपट्टीवर दोन लॅम्बोर्गिनी शेजारी शेजारी उभ्या. एक कंपनीतून आली तशी, दुसरीला बाहेरून सुपरचार्जर बसवलेला. कोणीतरी हात खाली करतो आणि दहा-अकरा सेकंदांत सगळा मामला आटोपतो. माझा भाचा हे जेवता जेवता बघतो. "मामा, कोण जिंकणार सांग?" मी विचारतो, "इंजिनाचा जोर कुठल्या चाकांना? मागच्या दोन की चारही?" तो माझ्याकडे असा बघतो, की माशाच्या हुमणात मी साखर घातली!

पण प्रश्न खरा तोच आहे. सुपरचार्जर म्हणजे काय, तर लोहाराचा भाता. भात्याने वारा घातला की निखारा फुलतो, तसंच हे. इंजिनच पट्ट्याने एक पंप फिरवतं, तो पंप हवा दाबून सिलिंडरात कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून जोर जास्त. ही नुसती उपमा नव्हे बरं का. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी १८६० साली ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, ते पुढे लोखंडाच्या भट्ट्यांना वारा घालायलाच वापरलं गेलं. मोटारीत ते नंतर शिरलं.

आता हुराकान ही लॅम्बोर्गिनीची गाडी घ्या. २०१४ साली आली तेव्हा तिच्या दहा सिलिंडरांच्या इंजिनाची ताकद ६१० अश्वशक्ती होती आणि चारही चाकं ओढायची. पुढे ५८० अश्वशक्तीची, फक्त मागच्या चाकांवर चालणारीही निघाली. या दुसरीला भाता लावून ताकद ८०० च्या घरात नेली, तरी सुटताना ती ताकद रस्त्यावर उतरायला दोनच टायर. टायर जागच्या जागी फिरतात, धूर निघतो, आणि तोवर साधी गाडी चार चाकांनी जमीन धरून पुढे निघालेली असते. शेवटच्या टप्प्यात भातेवाली तिला गाठेलही, पण अंतर पाव मैलाचं, म्हणजे ४०२ मीटर. तेवढ्यात गाठलं तर गाठलं.

आणखी एक गंमत मला फार आवडते. रीतसर शर्यतीत गाडी जागेवरून हलली की तिचं घड्याळ सुरू होतं. दिवा हिरवा झाल्यावर चालकाने किती वेळ घेतला, तो हिशेब वेगळा. समजा, भातेवाल्याने ०.६० सेकंद उशीर केला आणि १०.१० सेकंदांत अंतर कापलं. साध्या गाडीवाला ०.१० सेकंदात सुटला आणि त्याला १०.५० लागले. बेरीज करून बघा. जास्त वेगाची गाडी हरली! पैसे भात्यावर खर्च झाले आणि शर्यत माणसाच्या पायाने जिंकली.

अमेरिकेत तर दुबळ्या गाडीची सोयच करून ठेवली आहे. तिथल्या ब्रॅकेट शर्यतीत प्रत्येकाने आपल्याला किती सेकंद लागतील ते आधी लिहून द्यायचं. एकाने ९.८० लिहिले आणि दुसऱ्याने १०.६०, तर हळू गाडीला ०.८० सेकंद आधी हिरवा दिवा. मग कोणी म्हणेल, मुद्दाम जास्त वेळ लिहून द्यावा. तेही नाही चालत. लिहून दिलेल्या वेळेपेक्षा लवकर पोचलात तर तुम्ही बाद. म्हणजे आपली गाडी कितीची आहे हे खरं सांगण्यालाच तिथे किंमत.

हे नियम आभाळातून नाही पडले. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात पोरं भर रस्त्यावर गाड्या पळवायची. १९५० साली सांता आना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर शर्यती सुरू झाल्या. १९५१ साली वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली, ती पोरांना रस्त्यावरून उचलून धावपट्टीवर आणायला. दिव्यांचा खांब १९६३ साली आला. कोणी पोरांना नुसतं दटावत बसलं नाही. त्यांच्या वेडाला जागा दिली, घड्याळ दिलं, नियम दिले. आपल्याकडेही लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झालेल्या आहेत.

मोबाईलवरून मात्र आमच्या गोव्यात यातला फक्त आवाज पोचला. रात्री अकरानंतर हमरस्त्यालगतच्या कुठल्याही घरात बसा, सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली कानठळ्या बसवत जातात. घरात कोणी आई जागी असते, आपला मुलगा त्यांत नसावा म्हणून. तिथे खांब नाही, घड्याळ नाही, हळू गाडीला सवलत नाही. समोरून कामावरून परतणारा कोणी स्कूटरवाला येत असतो, आणि आपण शर्यतीत आहोत हे त्याला ठाऊकच नसतं.

भाता वाईट नव्हे. पण लोहार तो भट्टीला लावतो, गवताच्या गंजीला नाही.