पाळण्याआधींची पाहणी

मनुष्यप्राणी हा मोठा पारख करणारा प्राणी आहे. एका दिवसाच्या लग्नासाठीं कार्यालय घ्यावयाचें तर तो आधीं तेथील पाणी, पंखे आणि पंगतीची जागा पाहून येतो. मुलगी द्यावयाची तर घर पाहतो, घर घ्यावयाचें तर शेजार पाहतो, आणि बैल घ्यावयाचा तर त्याचे दांत पाहिल्याखेरीज कासऱ्याला हात लावीत नाहीं. परंतु ज्या जागीं आपल्या लेकीसुनांना जीवनमरणाच्या उंबरठ्यावर उभें राहावयाचें असतें, ती जागा मात्र कोणी आधीं पाहून ठेवीत नाहीं. तेथें जावयाचें तें वेळ आली म्हणजे. आणि ही वेळ बहुधा रात्रीं दोन वाजतां येते. तेव्हां दवाखान्याचें दार कोणत्या बाजूस आहे, जिना आहे कीं उतरण आहे, आंत कोण माणूस भेटणार आहे, याचा विचार करण्याइतकी शुद्ध कोणास असते?

आमच्या समाजांत या न पाहण्याला संकोचाप्रमाणेंच श्रद्धेचेंही अधिष्ठान आहे. मूल जन्मण्याआधीं पाळणा घरांत आणूं नये, नवें अंगडें शिवूं नये, असा जुना दंडक. डोहाळजेवण थाटानें करावें, ओटी भरावी, वाटीखालीं पेढा आहे कीं बर्फी हें ओळखावयास लावावें. पण प्रसूति कोठें आणि कशी होणार हा विषय निघाला कीं बायका आवाज उतरवितात आणि पुरुष वर्तमानपत्र उघडतात.

यंदा हा विषय आमच्या घरीं वर्तमानपत्राआड दडण्याजोगा राहिला नाहीं. आमची कन्या पहिलटकरीण. पुण्यास नोकरीला असते. रीतीप्रमाणें बाळंतपणासाठीं माहेरीं, जालन्यास आली. नववा महिना लागला तरी बाळानें डोकें खालीं केलें नाहीं. डॉक्टरीणबाईंनीं सोनोग्राफीचा कागद पुढें ठेवून सांगितलें, "मूल पायाळू आहे. ३९ आठवडे पुरे झाले कीं ठरवून शस्त्रक्रिया करूं." अशा प्रसंगीं ठरवून केलेली शस्त्रक्रिया बाळाला अधिक सुरक्षित, असा निष्कर्ष २००० सालीं २६ देशांतील दोन हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासांतून निघाला, त्यावर पुढें वाद झाले, तरी बहुतेक ठिकाणचा प्रघात त्यानंतर बदलला तो बदललाच. एकूण काय, जन्माची तारीख विद्यापीठाच्या परीक्षेसारखी वेळापत्रकांत बसली. आमच्या व्याह्यांनीं लागलीच पंचांग उघडून, दोन दिवस पुढें चांगलें नक्षत्र आहे, तेवढें पाहावें, असा निरोप धाडला. डॉक्टरीणबाई हंसून म्हणाल्या, "मी आठवडे मोजतें, नक्षत्रें तुम्ही मोजा." याच जिल्ह्यांतील जांब येथें १६०८ सालीं समर्थ रामदास जन्मले ते ऐन रामनवमीस, पण तो मुहूर्त कोणी मागून घेतलेला नव्हता, एवढेंच आम्हीं व्याह्यांस कळविलें.

पायाळू हा शब्द ऐकून आमच्या मातोश्री मात्र हंसल्या नाहींत. आमच्या लहानपणीं खेड्यांत पायाळू माणसाला मोठा मान असे. कोणाच्या कमरेंत उसण भरली तर त्याचा पाय लावून घ्यावा, विहिरीला पाणी कोठें लागेल तें त्याला विचारावें, पुरलेलें धन त्याला दिसतें म्हणावें, आणि आभाळ गडगडूं लागलें कीं वीज पडेल म्हणून त्याला घरांत दडवावें, असा समज. पण हा सारा मान वांचलेल्या पायाळूंचा. जीं मुलें वांचलीं नाहींत, आणि ज्यांच्यासह त्यांच्या आयाही गेल्या, त्यांची गणती या कथांत कोठेंच नसते.

आमच्या आत्याबाई त्या न मोजलेल्यांतील. परतूर तालुक्यांत दुधनेपलीकडे आमचें मूळ गांव. सुमारें साठ वर्षांपूर्वीं, श्रावणांत, त्या पहिल्या बाळंतपणांत अडल्या. मूल पायाळू. सुईण जुनी आणि अनुभवी होती. तिनें दोन रात्री आपली सगळी विद्या खर्च केली. तिसऱ्या दिवशीं गाडी जुंपून जालन्याची वाट धरली, पण नदीला पूर होता. पाणी उतरण्याची वाट पाहत गाडी कांठावर उभी राहिली. आणि पाणी उतरण्याआधींच आत्याबाई गेल्या. मातोश्री तेव्हां नव्या नवरी होत्या. नणंदेचा हात शेवटपर्यंत त्यांच्या हातांत होता. ही हकीकत त्यांनीं आम्हांला आयुष्यांत दोनदांच सांगितली: एकदां आमची कन्या जन्मली त्या दिवशीं, आणि दुसऱ्यांदा यंदा, सोनोग्राफीचा कागद घरीं आला त्या रात्रीं.

डॉक्टरीणबाईंनीं, "एकदां येऊन सगळें पाहून जा," असें सुचविलें तेव्हां मातोश्रींनीं, "मीही येतें," म्हटलें, आणि त्यांना नको म्हणण्याचें धैर्य कोणालाही झालें नाहीं. तेव्हां कन्या, तिची आई, तिची आजी आणि आम्ही असे चौघे एका दुपारीं त्या रुग्णालयांत गेलों.

एका वयस्क सिस्टरबाईंनीं आम्हांला हिंडवून दाखविलें. प्रथम दार, कारण रात्रीं पुढचें बंद असतें आणि बाजूचें उघडें असतें. मग लेबर रूम: टेबलें, हात धुण्याचें कोंपरानें उघडणारें नळ, भिंतीवर सेकंदकांट्याचें मोठें घड्याळ. एका कोंपऱ्यांत बाळाला ऊब देणारा वॉर्मर. "बाळ रडलें नाहीं तर पहिलें मिनिट फार मोलाचें असतें," सिस्टर म्हणाल्या. घड्याळ एवढें मोठें कां, तें तेव्हां समजलें. एका तबकांत इंजेक्शनें मांडून ठेवलेलीं होतीं; मूल जन्मल्यावर गर्भाशय आकसावें आणि रक्त वाहूं नये म्हणून द्यावयाचीं. आपल्या देशांत बाळंतिणी दगावण्याच्या कारणांत रक्तस्राव हें अग्रभागीं आहे, आणि त्यावरचा पहिला उपाय त्या बोटभर बाटलींत असतो. पुढें जमिनीवर एक तांबडी रेघ होती. तिच्यापलीकडे शस्त्रक्रियेची खोली, म्हणून आम्ही अलीकडेच थांबलों. शेवटीं बाळंतिणींची खोली. तेथें जंतुनाशकाच्या वासांत डिंकाच्या लाडवांचा आणि बाळंतशेपेचा वास मिसळला होता, आणि त्या वासानें मातोश्रींचा चेहरा प्रथमच थोडा सैल झाला.

कन्येनें आपली वही काढून प्रश्न विचारले. ती शुद्धीवर असेल काय? असेल, पाठीच्या कण्यांत दिलेल्या इंजेक्शनानें कमरेखालचा भाग तेवढा बधिर होतो. बाळाचें रडणें ऐकूं येईल काय? येईल. बाळ केव्हां जवळ देतील? सर्व ठीक असल्यास लागलीच, आणि पहिल्या तासांत पाजावयासही देतील. प्रत्येक उत्तरागणिक तिचे खांदे किंचित् खालीं उतरत असलेले आम्हीं पाहिले. आठवडाभर आम्ही तिला "कांहीं काळजी करूं नकोस" असें सांगत होतों. त्या वाक्यानें जें झालें नाहीं तें त्या पाऊण तासानें झालें. भीति ही बहुधा न पाहिलेल्या वस्तूचीच असते. पाहिलेल्या वस्तूची चिंता उरते. पण चिंतेला कांहीं तरी करतां येतें, भीतीला कांहींच करतां येत नाहीं.

मग मातोश्रींनीं विचारलें, "बाई, हिच्या उशाशीं कोण राहील?"

सिस्टर क्षणभर थांबल्या. त्या म्हणाल्या, "आजी, लेबर रूममध्यें घरची एक बाई सोबत राहूं देतों. सरकारनेंही २०१६ सालापासून सरकारी दवाखान्यांत ती मुभा दिली आहे. पण ऑपरेशनच्या खोलींत आमच्याकडे कोणाला येऊं देत नाहींत. भूल देणारे डॉक्टर उशाशीं असतात, आणि मी असतें. ताईंनीं माझा हात धरावा." असें म्हणून त्यांनीं हात पुढें केला. मातोश्रींनीं तो आपल्या दोन्ही हातांत घेतला, उलटासुलटा करून पाहिला, आणि बराच वेळ सोडला नाहीं. आमच्या पाहणीचा तो शेवट.

बायकांच्या अशा पाहणीला कोणी भाबडेपणा म्हणूं नये. एकोणिसाव्या शतकांत व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयांत प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिला डॉक्टरांचा व विद्यार्थ्यांचा, दुसरा सुइणींचा. पहिल्यांत बाळंतज्वरानें मरणाऱ्या स्त्रियांचें प्रमाण दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक. शहरांतील गरीब गर्भवतींना हें पक्कें ठाऊक होतें. पहिल्या विभागांत पाठवूं नका म्हणून त्या गुडघे टेंकून विनवीत, आणि कित्येकजणी त्यापेक्षां वाटेंत बाळंत होणें पत्करीत. सेमेलवाइस नांवाच्या तरुण डॉक्टराला कारण उमगलें तें १८४७ सालीं: शवविच्छेदन करून आलेले हात तसेच प्रसूतीला लागत होते. क्लोरिनच्या पाण्यानें हात धुण्याचा नियम त्यानें केला. त्या वर्षीच्या एप्रिलांत शेंकडा १८ वर गेलेलें मृत्यूचें प्रमाण जूनांत शेंकडा २ च्या आसपास आलें. तरीही वैद्यकांतील थोरांनीं त्याला बराच काळ मानलें नाहीं. यांतील बोध एवढाच कीं, जें विद्वानांना शास्त्रानें पटण्यास वर्षें लागलीं, तें धोक्याचें ठिकाण त्या निरक्षर बायकांनीं केव्हांच ओळखून ठेवलें होतें. फक्त त्यांना कोणी विचारलें नव्हतें.

महाराष्ट्रांत हें विचारण्याचें काम आरंभिलें तें स्वतः होरपळलेल्या एका मुलीनें. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षीं माता झाल्या आणि त्यांचें बाळ दहा दिवसांत गेलें. १८८६ सालीं फिलाडेल्फियास वैद्यकीची पदवी घेतांना त्यांनीं प्रबंधासाठीं विषय निवडला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचाच. परत येऊन काम करण्यापूर्वींच, १८८७ सालीं, त्या वारल्या. पण वाट पडली ती पडलीच.

ती वाट आज रुंद झाली आहे हें कबूल केलें पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें २००५-०६ सालीं देशांत शेंकडा ३८.७ बाळंतपणें रुग्णालयांत होत. २०१९-२१ सालीं तें प्रमाण ८८.६ झालें. २०१८-२० या काळांत देशांत एक लाख जन्मांमागें ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रांत ३३. या ३३ मध्यें दुधनेकांठची ती गाडी आतां बहुधा नसेल. नद्यांवर पूल झाले, १०८ क्रमांकाची गाडी दारीं येते, आणि सरकारी रुग्णालयांत २०११ पासून बाळंतपण, शस्त्रक्रियेसह, मोफत आहे.

पण बाई दवाखान्यापर्यंत पोंचली म्हणजे तिची भीति बाहेर राहिली, असें होत नाहीं. घनसावंगी, अंबड, मंठा या आमच्याच तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर ऊंसतोडीला जोडपीं निघतात. नवराबायको मिळून मुकादमाच्या हिशेबांत एक 'कोयता'. त्या अर्ध्या कोयत्याला दिवस गेलेले असले तर तिचें बाळंतपण कोणत्या जिल्ह्यांत, कोणत्या फडावर येईल हें तिला ठाऊक नसतें. तिला आधीं कोण काय दाखविणार? आमच्या कन्येजवळ वही होती, आजी होती, आणि उत्तरें द्यावयास वेळ असलेल्या सिस्टर होत्या. तिच्याजवळ यांतलें एकही नसतें.

यासाठीं नवी योजना काढावी असें आमचें म्हणणें नाहीं. २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेस सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची तपासणी होते. त्या दिवशीं त्या आलेल्याच असतात. २०१७ च्या अखेरीस 'लक्ष्य' या कार्यक्रमानें प्रसूतिगृहें सुधारण्याचें काम हातीं घेतलें. मग जी खोली सुधारली ती, रिकामी असेल त्या घटकेस, जिच्यासाठीं सुधारली तिला दाखविण्यास काय हरकत आहे? रांगेंत बसलेल्या पांचसहा जणींना एका सिस्टरबाईंनीं पंधरा मिनिटें आंत न्यावें. दार कोणतें, घड्याळ कशाला, सोबत कोणाला आणतां येईल, एवढें सांगावें. फडावर जाणारीला जवळच्या सरकारी दवाखान्यांतही हेंच मागण्याचा तिचा हक्क आहे, हें सांगावें. खर्च नाहीं, थोडा वेळ आणि पुष्कळ आदर मात्र लागेल.

'जालना, सोने का पालना' अशी या शहराची जुनी ख्याति. ती येथल्या बाजारपेठेच्या भरभराटीवरून पडली. पाळणा सोन्याचा असो वा बाभळीचा, त्याची दोरी आणि कडी पक्की आहे कीं नाहीं हें आधीं ओढून पाहण्याचा अधिकार आईचा आहे. आमच्या घरीं गुरुवारची तारीख ठरली आहे. मातोश्री जुन्या मऊ लुगड्यांचीं दुपटीं शिवीत बसल्या आहेत; नवें कापड मात्र अजून घरांत आणूं देत नाहींत.